डेटा सेंटर संकुल उभारताय? मग आधी कामांचा क्रम नीट लावा

"प्लॉट घेतलाय, आर्किटेक्टही ठरलाय. आता वीज किती दिवसांत मिळेल?" असा फोन आला की मी आधी खुर्चीत नीट बसतो, कारण पुढचा तासभर वाईट बातमी सांगण्यात जाणार असतो. दोन वर्षं, कदाचित तीन. तोवर प्लॉटवर इमारत उभी राहते, कर्जाचं व्याज चालू राहतं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "सध्या डिझेल जनरेटरवर (डीजी) सुरू करू, छतावर सोलर टाकू, ग्रीन म्हणून दाखवता येईल."

तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागू नये म्हणून इथे लिहून ठेवतो आहे. उदाहरणासाठी ठाणे-बेलापूर पट्टा, म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे इथलं एमआयडीसी क्षेत्र घेतलं आहे आणि संकुल ६० मेगावॅट आयटी लोडचं (म्हणजे नुसत्या सर्व्हरना लागणाऱ्या विजेचं) धरलं आहे. सगळी आकडेमोड त्यावरच आहे. तुमचं संकुल लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात फिरवून घ्या.

टप्पा १ : नकाशाआधी एक कागद

आर्किटेक्टला बोलावण्याआधी एका कागदावर चार आकडे लिहा आणि त्यावर मालक, वित्तवाले आणि तांत्रिक प्रमुख अशा तिघांच्या सह्या घ्या. सह्यांचा आग्रह मुद्दाम धरतो. हे आकडे मागाहून बदलतात आणि बदलल्याचं कुणालाच आठवत नाही.

पहिला आकडा आयटी लोड. शेवटी ६० मेगावॅट हे ठीक, पण पहिल्या दिवशी किती आणि तिसऱ्या वर्षी किती, हेही लिहा. दुसरा आकडा पीयूई, म्हणजे संकुलात येणारी एकूण वीज भागिले सर्व्हरना मिळणारी वीज. १.४ धरला तर ६० मेगावॅटसाठी ८४ मेगावॅट लागतात. पूर्ण क्षमतेने वर्षभर चाललं तर साडेत्र्याहत्तर कोटी युनिट. पीयूई फक्त ०.१ ने घसरला किंवा चढला तरी वर्षाला सव्वापाच कोटी युनिटचा फरक पडतो. प्रतियुनिट दर तुमच्याकडे असेलच, गुणाकार करून बघा.

तिसरा आकडा रोजचं पाणी. त्याचा हिशेब टप्पा ३ मध्ये आहे. चौथा आकडा एका रॅकची, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या कपाटाची, घनता : त्यात किती वीज जाते. नेहमीचा रॅक ६ ते १० किलोवॅट खातो, एआयचे नवे रॅक १०० किलोवॅटच्या पुढे जातात. या दोघांसाठी लागणारी इमारत, पाइप आणि केबल यांत काहीच सारखं नसतं. "नंतर बघू" हे उत्तर इथे सगळ्यात महाग पडतं.

इशारा : माहितीपत्रकातला पीयूई पूर्ण लोडचा आणि बऱ्या हवामानातला असतो. सल्लागाराकडे दोनच आकडे मागा : वर्षभराची सरासरी, आणि लोड २५ टक्के असताना मे महिन्यातला पीयूई. दुसरा आकडा द्यायला टाळाटाळ झाली तर सल्लागार बदला.

टप्पा २ : वीज आधी, बाकी सगळं मागाहून

८४ मेगावॅट म्हणजे २२० केव्हीची जोडणी धरून चला. इथे पारेषण महापारेषणकडे आणि वितरण महावितरणकडे आहे. अर्जाला जागेचे कागद लागतात, पण कुठल्या उपकेंद्रात क्षमता शिल्लक आहे आणि नवी वाहिनी जोडायला रिकामी जागा (बे) आहे का, ही चौकशी प्लॉटचा टोकन देण्याआधी करता येते आणि करायलाच हवी. सर्वेक्षण, अंदाजपत्रक, पैसे भरणं, केबलचा मार्ग, रस्ते खोदायची परवानगी, स्वतःचं जीआयएस (वायूने निरोधित, कमी जागेत मावणारं) उपकेंद्र आणि शेवटी विद्युत निरीक्षकांची वीज सोडायची (चार्जिंगची) मंजुरी. यातलं एकही काम दुसऱ्याच्या पुढे उडी मारत नाही. मोठे ट्रान्सफॉर्मर मागवल्यावर यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं, म्हणून त्यांची ऑर्डर इमारतीच्या पायाआधी जायला हवी.

इथली नेहमीची चूक म्हणजे "आमच्याकडे दोन फीडर (वीज आणणाऱ्या वाहिन्या) आहेत" या समाधानावर थांबणं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी दोन फीडर असलेल्यांचेही दोन्ही गेले, कारण वर जाऊन ते एकाच ठिकाणी मिळत होते. म्हणून वीजमार्गाची आकृती (सिंगल लाइन डायग्राम) आपल्या गेटपाशी संपवू नका. दोन्ही फीडर कुठल्या उपकेंद्रातून येतात आणि त्या उपकेंद्रांना वीज कुठून मिळते, असं दोन पायऱ्या वरपर्यंत काढा. ते वेगळे होतच नसतील तर तसं स्पष्ट लिहा आणि डिझेल-बॅटरीचा हिशेब त्यानुसार वाढवा.

हरित विजेचा करारही याच टप्प्यात सुरू करा. छतावरच्या सोलरने फोटो चांगले येतात, एवढंच. छायेत न जाणारं दहा हजार चौरस मीटर छत मिळालं तर फार तर १ मेगावॅट बसतो, वर्षाला १५-१६ लाख युनिट. आपलं संकुल पूर्ण लोडला तेवढी वीज एकोणीस तासांत संपवतं. शिवाय त्या छतावर चिलर (पाणी गार करणारी यंत्रं) ठेवायचे असतात, तेव्हा दहा हजार मीटर मिळतील याचीही खात्री नाही.

खरा मार्ग बाहेरून वीज आणण्याचा. ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी वीज प्रकल्पात भागीदारी, करायचं तर वीज वापरणाऱ्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वार्षिक निर्मितीतला वापर किमान ५१ टक्के हवा. यातली एकही अट वर्षाअखेर मोडली तर कॅप्टिव्हचा दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठीचा जादा आकार) अंगावर येतो. संकुल हळूहळू भरत असताना हे हमखास घडतं, कारण सौर प्रकल्प पहिल्या दिवसापासून पूर्ण वीज देतो आणि तुमचे सर्व्हर अजून खोक्यात असतात. आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफी ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांनाच होती. त्यानंतर ती दर वर्षी २५ टक्क्यांनी उतरते आहे. जुन्या एक्सेल शीटवर करार करू नका.

डेटा सेंटर रात्रीही तेवढंच खातं. साडेत्र्याहत्तर कोटी युनिट नुसत्या सोलरमधून काढायचे तर साधारण ४६० मेगावॅट लागतील, आणि तरीही रात्र कोळशावरच जाईल. आपल्याकडे एक सोय आहे. सातारा-सांगलीच्या पठारांवर आणि धुळ्याकडे वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, नेमका सोलर मंदावतो तेव्हा. सोलर, वारा आणि थोडी साठवण असं मिश्रण घ्या.

तपासून घ्या : वीज विकणाऱ्याकडून वर्षाच्या ८,७६० तासांचा तक्ता मागा आणि शेजारी आपल्या लोडचा तक्ता ठेवा. "वर्षाला १०० टक्के हरित" म्हणणाऱ्या प्रस्तावात किती तास हरित विजेविना राहतात ते लगेच दिसतं. बँकिंगचे, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडकडे जमा ठेवून नंतर वापरण्याचे, नियम राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशातूनच वाचा, विक्रेत्याच्या स्लाइडवरून नको.

टप्पा ३ : थंडावा आणि पाणी यांचा एकच निर्णय

बहुतेक ठिकाणी शीतकरण एका सल्लागाराकडे आणि पाणी दुसऱ्याकडे असतं, आणि दोघांची गाठ थेट कामाच्या जागेवर पडते. हा निर्णय एकाच बैठकीत व्हायला हवा.

नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. इथली हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, म्हणून गारवा येत नाही. माठाचंही तेच. अभियंत्यांच्या भाषेत मे-जूनमध्ये इथलं वेट बल्ब तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होते ते) २७-२८ अंशांवर असतं. म्हणजे बाष्पीभवनावर अवलंबून असलेली युरोपातली किंवा कोरड्या प्रदेशातली रचना जशीच्या तशी उचलली तर वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात ती पाठ फिरवते. तरी दर वर्षी कुणीतरी परदेशातल्या एखाद्या संकुलाचा पीयूई दाखवून "हेच करून द्या" म्हणतं.

आता पाण्याचा हिशेब. एक युनिट उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकायला साधारण दीड लिटर पाणी उडतं. ६० मेगावॅटला तासाला ९० हजार लिटर, दिवसाला २१.६ लाख लिटर. हे फक्त उडणारं. मागे राहिलेल्या पाण्यात क्षार साचतात, म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं. क्षार तिप्पट होईपर्यंतच पाणी फिरवलं तर रोज आणखी १०.८ लाख लिटर सोडावं लागतं, एकूण ३२.४ लाख. सहापट होईपर्यंत फिरवता आलं तर सोडणं ४.३ लाखांवर येतं, एकूण २६ लाखांच्या आत. कॉम्प्रेसरची उष्णता यात धरलेली नाही, ती वर येईल. माणशी १३५ लिटर या मापाने ३२.४ लाख लिटर म्हणजे चोवीस हजार माणसांचं पाणी. उन्हाळ्यात शेजारच्या सेक्टरमध्ये टँकर फिरत असताना हा आकडा वर्तमानपत्रात येईल तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार हवं.

पर्याय दोन आहेत. हवेने थंड होणारे चिलर घेतले तर पाणी जवळपास लागत नाही, पण वीज जास्त जाते. पाण्याचे चिलर घेतले तर वीज वाचते, पण मग ते पाणी पिण्याचं नसावं. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत सांडपाण्यावर तृतीय स्तरावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारले आहेत आणि ते पाणी औद्योगिक क्षेत्रासाठीच आहे. बारवी धरणाच्या पाण्याकडे हात पसरण्याआधी तिथे चौकशी करा. मात्र प्रक्रिया केलेलं पाणी स्वस्त दिसतं म्हणून थेट टॉवरला जोडू नका. अमोनिया, क्लोराइड आणि सिलिका या तिघांची चाचणी किमान वर्षभर, दर महिन्याला करून घ्या, त्यात पावसाळाही यायला हवा. अमोनिया चिलरमधल्या तांब्याच्या नळ्या खातो, आणि सिलिका जास्त असली की सहापट फिरवण्याचं स्वप्न चारवर थांबतं.

वीज वाचवायची सगळ्यात स्वस्त जागा मात्र चिलरमध्ये नाही, तापमानात आहे. आपल्याकडे अजूनही हॉल फ्रीजसारखा गार ठेवायची सवय आहे. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात, हे अ‍ॅश्रेचं म्हणजे वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं कित्येक वर्षांपासूनचं मार्गदर्शन आहे. गरम आणि गार हवेच्या गल्ल्या दारं-छतं लावून वेगळ्या केल्या, रॅकमधल्या रिकाम्या जागी फटी झाकणारी ब्लँकिंग पॅनेल बसवली, तर चिलरचं पाणी ७ अंशांऐवजी १८-२० अंशांना देता येतं. पाणी एक अंशाने वर नेलं की चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्के कमी होते. एआयच्या रॅकना थेट द्रवशीतन, म्हणजे चिपपाशी नळ्यांतून द्रव फिरवून थंड करणं, असेल तर आणखी सोपं. तिथे चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी चालण्याजोगी यंत्रणा मिळते आणि ते पाणी मुंबईच्या मे महिन्यातही नुसत्या पंख्यांनी थंड होतं, चिलरशिवाय. म्हणूनच टप्पा १ मधला चौथा आकडा आधी हवा होता.

इशारा : दोन तापमानांचे दोन वेगळे पाण्याचे वळसे ठेवा. द्रवशीतनाचं कोमट पाणी आणि हॉलच्या हवेचं गार पाणी एकाच वळशात टाकलं की सगळंच गार करावं लागतं आणि वर सांगितलेली बचत शून्य होते.

टप्पा ४ : प्लॉट बघायला पावसात जा

आता प्लॉट. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो, तेव्हा घाईत केलेल्या निवडीचा पश्चात्तापही लांबलचक असतो. या पट्ट्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी. डोंगराकडचा प्लॉट घेतला तर कातळ फोडायचा, आधारभिंती बांधायच्या आणि डोंगरातून येणाऱ्या नाल्याला वाट द्यायची. खाडीकडचा घेतला तर खारफुटी, सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यापासूनचं अंतर तपासायचं. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहा एकरांच्या प्लॉटवर तेवढा पडला तर ३ कोटी ८२ लाख लिटर पाणी होतं, आणि त्याच वेळी खाडीला साडेचार मीटरची भरती असेल तर ते जाणार कुठे? साठवण टाक्या, नाल्याची रुंदी आणि जोत्याची उंची या एका प्रश्नावरून ठरवा. डिझेलचे पंप आणि केबलचे तळघर जोत्याखाली असतील तर नकाशा परत पाठवा.

जुलैमध्ये जोराचा पाऊस असताना, भरतीच्या वेळी, गमबूट घालून प्लॉटवर उभं राहा. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं. तो हाताने भिंतीवरची रेघ दाखवेल. सर्वेक्षणाच्या अहवालात ती रेघ नसते.

खाडीच्या हवेची दुसरी तपासणी स्वस्त आहे आणि जवळपास कुणीच वेळेवर करत नाही. तांब्याची आणि चांदीची पट्टी प्लॉटवर तीस दिवस टांगा आणि प्रयोगशाळेत पाठवा. सर्व्हरला मानवेल अशा सौम्य हवेत महिन्याला तांब्यावरचा थर ३०० आणि चांदीवरचा २०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत राहतो. खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, देवघरातलं चांदीचं निरांजन दोन आठवड्यांत काळं पडतं ते खाडीच्या हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. पट्टी काळी आली तर बाहेरची हवा थेट आत घेण्याची कल्पना सोडा, जी हवा घ्यावीच लागेल तिच्यासाठी रासायनिक फिल्टरची जागा आत्ताच नकाशात ठेवा.

टप्पा ५ : फायबरचे दोन रस्ते खरंच दोन आहेत का

समुद्राखालच्या केबल मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर वर येतात. तुमचं संकुल खाडीच्या अलीकडे आहे. म्हणजे प्रत्येक फायबरला ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल, अटल सेतू किंवा ठाण्याकडून वळसा, यातलं काहीतरी घ्यावंच लागतं. दोन कंपन्यांशी दोन करार केले म्हणजे दोन रस्ते झाले असं समजू नका. दोघांनी तिसऱ्याकडून एकाच डक्टमधली (जमिनीखालच्या केबल-नळीतली) जागा भाड्याने घेतलेली असू शकते.

एका कामावर आम्ही दोन्ही कंपन्यांचे मार्ग नकाशावर लाल-निळ्या रंगात छान वेगळे पाहिले होते. शेवटी दोन माणसं पाठवून मार्ग पायी तपासला. गेटपासून चारशे मीटरवर, चहाच्या टपरीमागे एक चेंबर होतं. झाकण उचललं तर लाल आणि निळी केबल एकमेकींवर वेटोळं घालून बसलेल्या. वर टपरीवाल्याचा गॅस सिलिंडर.

तपासून घ्या : प्रत्येक मार्गाचा जीपीएस निर्देशांकांसह नकाशा कराराचा भाग करा आणि मार्ग चालून बघा. पावसाळ्यात रस्ते खोदायला बंदी असते. मेमध्ये राहिलेले दोनशे मीटर दसऱ्यानंतरच होतात, म्हणून खोदकामाचं वेळापत्रक एप्रिलअखेर संपेल असं धरा.

टप्पा ६ : परवानग्या

यादी प्रत्येक सल्लागाराकडे असते, ती इथे पुन्हा देत नाही. चुका तेवढ्या सांगतो.

बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. "पहिली इमारत एकोणीस हजारांची दाखवू, बाकी नंतर" हा सल्ला हमखास मिळतो. संकुलाचा आराखडा एक, उपकेंद्र एक, मालक एक असताना तुकडे पाडणं म्हणजे पुढच्या टप्प्याचं काम स्वतःच्या हाताने थांबवून घेणं. मंजुरी संपूर्ण संकुलासाठी घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती हाती येईपर्यंत जागेवर जेसीबी आणू नका.

विमानतळांसाठी लागणारा उंचीचा दाखला बहुतेक जण इमारतीपुरता घेतात. नवी मुंबई विमानतळ आता सुरू झाला आहे, मुंबईचा पलीकडे आहेच. छतावरचे चिलर, डीजीच्या चिमण्या, वीजरोधक आणि बांधकामाची क्रेन धरून सगळ्यात वरच्या टोकाची उंची अर्जात लिहा. चिमणीची उंचीही नीट काढा. कंत्राटदार सवयीने लहान जनरेटरचं सूत्र वापरतात, म्हणजे इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर मिळवायचे. ८०० किलोवॅटवरच्या सेटला ते चालत नाही. तिथे किमान ३० मीटर, किंवा इमारतीपेक्षा ६ मीटर उंच, किंवा गंधकाच्या उत्सर्जनावरून येणारी उंची, यातली सर्वांत जास्त धरतात. एका संकुलात हे कळलं तेव्हा चिमण्या उभ्या राहिल्या होत्या आणि उंचीचा दाखला आधीच्या आकड्यावर निघालेला होता.

आवाजाकडेही बघा. औद्योगिक क्षेत्रात रात्री ७० डेसिबल चालतात, रहिवासी भागात ४५. या पट्ट्यात रस्ता ओलांडला की वस्ती लागते. चिलरचे पंखे रात्रभर फिरतात, तेव्हा मोजणी प्लॉटच्या हद्दीवर करून थांबू नका, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरही करा.

टप्पा ७ : बांधकाम

इमारत हा यातला सगळ्यात सरळ भाग. पाया, जोतं आणि जमिनीखालचे डक्ट मेअखेर पूर्ण, पावसाळ्यात वरचे मजले, ही जुनीच रीत इथेही चालते. सिमेंटमध्ये स्लॅग किंवा फ्लाय अ‍ॅश जास्त घेतली तर इमारतीचा कार्बन बराच घटतो. पण असं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, म्हणून स्वीकृतीची चाचणी २८ ऐवजी ५६ दिवसांची ठरवा आणि सेंटरिंग काढायच्या तारखा त्यानुसार लावा. हे निविदेत आधी लिहिलं नाही तर कंत्राटदार पहिल्याच स्लॅबला नेहमीच्या मिश्रणावर येतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

एकदम ६० मेगावॅटची यंत्रं बसवू नका. उपकेंद्र, मुख्य पाइप आणि जागा पूर्ण क्षमतेची; चिलर, यूपीएस (वीज जाताच बॅटरीवर लोड धरणारी यंत्रणा) आणि डीजी मात्र १० मेगावॅटच्या टप्प्यांनी. दहा टक्के लोडवर धापा टाकणारी मोठी यंत्रं पहिल्या दोन वर्षांचा पीयूई खाऊन टाकतात.

टप्पा ८ : डिझेल आणि बॅटरी

८४ मेगावॅट डीजीवर चालवायला तासाला सुमारे २१ हजार लिटर डिझेल लागतं. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या टियर ३ या विश्वसनीयतेच्या दर्जासाठी जागेवर १२ तासांचा साठा हवा, म्हणजे अडीच लाख लिटर. तो ठेवायचा तर पेसो या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना, टाक्यांमधली अंतरं आणि अग्निशमन आलंच. चोवीस तास चालवायचे तर वीस हजार लिटरचे पंचवीस टँकर. २६ जुलैसारख्या दिवशी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एकही येणार नाही, तेव्हा पुरवठ्याचा करार हा साठ्याला पर्याय धरू नका. डिझेल पडून राहिलं की त्यात पाणी आणि गाळ धरतो. ते गाळून फिरवण्याची यंत्रणा टाकीसोबतच घ्या.

लिथियम बॅटऱ्या जागा कमी घेतात आणि जास्त टिकतात. पण २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सातशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. बॅटऱ्या सर्व्हरच्या जवळ होत्या. बॅटरीची खोली वेगळी, आगरोधक भिंतींची, बाहेरच्या भिंतीला लागून आणि धूर थेट बाहेर जाईल अशी ठेवा. गॅसने आग विझते, पण आतला सेल पुन्हा पेट घेतो. गार करायला पाणी लागतंच, आणि ते पाणी वाहून जायला उतारही.

टप्पा ९ : सगळं तोडून बघा

चाचण्यांचा क्रम असा : कारखान्यात, जागेवर आल्यावर, बसवल्यावर, एकेक यंत्रणा चालवून आणि शेवटी सगळ्या एकत्र. वेळ कमी पडला की लोक शेवटची चाचणी आखडती घेतात. तीच सगळ्यात महत्त्वाची.

हॉलमध्ये सर्व्हरच्या जागी लोड बँका, म्हणजे मोठाले हीटर, लावा. पूर्ण लोड चढवा. मग बाहेरची वीज तोडा. एका चाचणीत आमची वीज गेली, यूपीएसने लोड घेतला, दहा-पंधरा सेकंदांत डीजी आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थर्मामीटरकडे बघत होतो. चिलर परत सुरू व्हायला सात मिनिटं लागली, कारण त्यांचा टायमर कारखान्यातून आला तसाच होता. पाण्याचे पंप यूपीएसवर नव्हते. हॉल चाळिशीच्या पुढे गेला. दाट रॅक असते तर सर्व्हर तिसऱ्या मिनिटालाच बंद पडले असते. पंप, हॉलमधले पंखे आणि द्रवशीतनाची युनिटं यूपीएसवर घ्या आणि चिलर सुरू होईपर्यंत पुरेल एवढी गार पाण्याची टाकी ठेवा.

इशारा : ही चाचणी डिसेंबरच्या रात्री उरकली तर ती झालीच नाही असं समजा. मे महिन्यातली दुपार निवडा. वेळापत्रकात ते बसतच नसेल तर मेमध्ये पुन्हा करण्याची अट करारात घाला आणि कंत्राटदाराची शेवटची रक्कम तोवर रोखून ठेवा.

टप्पा १० : पहिलं वर्ष

मीटर आधी, दावे मागाहून. वीज, पाणी, डिझेल आणि रेफ्रिजरंट किती भरलं, हे चारही महिन्याला नोंदवा. रेफ्रिजरंटची नोंद हमखास राहते. वर्षाला किती किलो टॉप-अप झाला यावरून गळती कळते आणि काही वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमान वाढवतात.

हॉल निम्मे रिकामे असताना सगळे चिलर आलटून-पालटून चालू ठेवायची पाळीवाल्यांना सवय लागते. "बंद ठेवला तर जाम होईल" असं ते सांगतात. दोन चालू, एक तयार, बाकी बंद, असं लेखी द्या आणि महिन्यातून एकदा अदलाबदल करा. सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) कुणी कधी बदलला याचं रजिस्टर ठेवा. ग्राहकाचा एक माणूस येऊन "जरा गरम वाटतंय" म्हणतो, रात्रपाळीवाला २४ चे २१ करतो, आणि सकाळी ते परत वर न्यायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.